समासात, पेन्सिलने

नार्व्याच्या वाचनालयात बाद पुस्तकांची यादी करायला
मला पंधरा दिवसांसाठी घेतलंय.
दाखल क्रमांक आठशे तेवीस :
ऐतिहासिक कादंबरी. पुठ्ठा सुटलेला,
पानं एकसष्ट ते चौसष्ट वाळवीने नेलेली.
नायक पुनो, तारीचा पोर,
पोर्तुगीज पलटणीत शिपाई होतो
आणि दोनशे पानांत सरदार.

लेखक मांडवी न बघता लिहीत असणार.
पान नऊवर त्याने खवळत्या लाटा उठवल्यात.
समासात बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर :
*नार्व्याला लाटा नसतात. भरती असते, ओहोटी असते.*

मी उभ्याउभ्याच पान उलटलं.

पान एकवीस. रणांगणाची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना.
*पगार. आणि बूट.*
खाली, बहुतेक दुसऱ्या दिवशी, कारण पेन्सिल टोकदार :
*डावा आखूड होता.*

पान सदतीस. नर्तकी त्याच्यावर भाळते.
इथे शब्द नाही. नुसती
वरपासून खालपर्यंत एक आडवीतिडवी रेघ.

पान अठ्ठावन्न, सत्तरीचं रान, बंडवाल्यांवर चाल.
त्याचा नेम म्हणजे काळाचा नेम, असं छापलंय.
*याने फणसावर गोळी घातली.
वर कळवलं, एक पडला.
रात्री सगळ्यांनी मिळून खाल्ला.*
मी हसले. कपाटापलीकडे पेपर वाचणाऱ्या
उसपकरांनी चष्म्यावरून पाहिलं.

मग वाळवी.

पासष्टवर हुकूम येऊन चुकलेला असतो :
पलटणीने मोझांबिकला जायचं, बोट धक्क्याला लागलीय.
कादंबरीत बोट सुटते, मध्यरात्र होते,
दातांत सुरा धरून पुनो समुद्रात उडी घेतो
आणि साडेतीन पानं पोहतो.
साडेतीन पानं समास कोरा.
शेवटी, पानाच्या तळाशी :
*याला पोहता येत नव्हतं.
तारीच्या पोराला पोहून कुठे जायचंय?
होडी होती ना.*

पुढे मजकूर छापील ओळींमध्ये घुसलाय,
समास पुरला नाही म्हणून.
*बोटीवर चढलेच नाहीत. बरॅकीतून रात्री निघाले, चौदा जण.
बूट हातात. बुटांचा आवाज होतो.
रायबंदर, मग जुनं गोवं, मग दिवाडी बेटावरून चालत.
नार्व्याच्या तारीवर बापच होता.
त्याने पैसे मागितले नाहीत.
एवढंच दोघांचं बोलणं झालं.
पणजीने सांगितलं ते लिहितो.
पणजी म्हणजे शहर नव्हे.*

छापील पुनोला पुढे घोडा मिळतो, जहागीर मिळते,
तोफांची सलामी मिळते, सगळं दोन प्रकरणांत.
पेन्सिल तिकडे फिरकत नाही.
फक्त समाप्तच्या खाली, अगदी फिकं,
दिव्याखाली तिरपं धरलं तेव्हा वाचता आलं :
*बूट होडीत राहिले. बापाने पुरले.
कुठे ते विचारू नये.
हा पुढे दिसला असं म्हणणारे तीन जण.
तिघांची गावं वेगळी.*

पुस्तक नेल्याच्या नोंदी पाहिल्या.
तेरा नावं, तेरा सह्या,
कललेलं अक्षर एकाचंही नाही.
इथेच बसून वाचलं असेल. या बाकावर,
जिथून धक्का दिसतो, आणि आता
पलीकडे निघालेली इंजिनाची फेरीबोट,
दोन स्कूटर, एक मासळीवाली, ओहोटी.

यादीत रकाना आहे : बाद करण्याचे कारण.
आठशे तेवीससमोर मी लिहिलं,
बाद नाही.
कुणीतरी अजून वाचतंय.