एका मगात

स्क्रॅबस्टर सोडलं तेव्हा उजाडलं नव्हतं.
इशबेल म्हणाली, चार तास. फार तर पाच.
सव्वीस फुटांची बोट. मी लाइफजॅकेटचा बंद शोधतेय
तोवर पहिली लाट डेकवरून गेलीसुद्धा.

मग वारा पश्चिमेचा, प्रवाह त्याच्या उलटा,
आणि मधे आम्ही दोघी,
पाट्यावर सापडलेल्या खोबऱ्यासारख्या.
शीड अर्धं गुंडाळलं. किटली सुटली,
गडगडत आली, माझ्या बुटांत रिकामी झाली.
"सुकाणू धर! लाटांकडे बघू नकोस, होकायंत्राकडे बघ."
मी लाटांकडेच बघितलं.
ओकले. बाही तोंडावर फिरवली. पुन्हा धरलं.

हॉय बेटाचे तांबडे कडे
दर लाटेमागे बुडायचे,
वाटायचं, गेले आता कायमचे.

आडोशाला आलो तेव्हा पापण्यांवर मीठ साचलेलं.
टाकी तळाला गेलीय, ती म्हणाली,
तोंड धुवायला एकेक मग. पुरेल ना?
मला हसू फुटलं.
लातूरची मी, टँकरमागे घागर घेऊन पळालेली.
डोळे धुतले, ओठ, मानेची मागची बाजू,
उरलं ते किटलीत ओतलं.

स्ट्रॉमनेसच्या धक्क्याला दोर बांधून झाला
तरी हात थरथरत होते.
चहा मात्र
एक थेंब सांडला नाही.