सारख्यांत आधी कोण

प्रोसेसर तापला की आकडे खोटं बोलतात,
म्हणून जानेवारीत मी संगणक बाल्कनीत ठेवते,
जुन्या लोकरी चादरीवर, उणे चौदात.
तार्तूची नदी गोठलेली, समोरच्या खिडक्या विझलेल्या,
आणि मी एकच यादी
दहा हजार वेळा लावून बघते.
शेजारीण विचारते, काय करतेस गं रात्रभर?
क्रमाने लावून ठेवते, म्हणते मी.
तिला वाटतं, कपाट.

कपाटच आहे तसं.
वरच्या खणांत लोक खेळ रचतात, पगारपत्रकं, हवामानाचे अंदाज;
अगदी तळाशी
शब्द तोडायचा कुठे, महिना संपतो कधी,
वापरून टाकलेली जागा झाडून परत कशी द्यायची
(तेवढ्यापुरतं जग थांबवावं लागतं, चार मिलिसेकंद),
हे आम्ही चौघं बघतो.
चौघं म्हणजे, एंडेल गेल्यापासून, तिघं.

गेला म्हणजे बेटावर राहायला गेला. जिवंत आहे.
बटाटे लावतो. पत्रांना उत्तर देत नाही.
वीस वर्षांपूर्वीच्या त्याच्या अकरा ओळी मात्र इथेच होत्या:
छोट्या यादीसाठी वेगळी रीत,
हातातले पत्ते लावावेत तशी, एकेक उचलून.
वर शेरा: "हळू आहे. माहीत आहे. राहू दे."

टानेल चोविशीचा. त्याला "राहू दे" पटत नाही.
त्यानं नवी रीत आणली, देखणी,
कुठे अडखळणं नाही, कॅशला धरून चालणारी.
मी बाल्कनीत मोजली. एकतीस टक्के.
पुन्हा मोजली. एकतीस.
दस्तऐवज उघडून पाहिला: सारख्या मोलाच्या दोघांत
आधी कोण, याबद्दल चकार शब्द नाही.
म्हणजे वचन नाही. म्हणजे मोडण्यासारखं काही नाही.
अकरा ओळी मी माझ्या हातानं पुसल्या.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मे महिन्यात एका फेरीबोटीच्या कचेरीतून पत्र आलं.
लहान बोट, पंधरा गाड्यांची.
गाड्या लांबीप्रमाणे चढवतात;
लांबी सारखी असली तर रांगेत जी आधी, ती आधी.
असं कुणी कुठे लिहिलं नव्हतं. होत आलं होतं.
त्या दिवशी पहाटे पाचला आलेली वाइके,
मागे ट्रेलरमध्ये मधमाश्यांच्या बारा पेट्या, तोंडं जाळीनं बांधलेली,
धक्क्यावरच राहिली,
आणि सव्वासातला आलेला कुणी आत गेला.
पुढची बोट दुपारी. ऊन चढलं.
दोन पेट्या गेल्या.

टानेल म्हणाला, पण आपण कुठे तसं म्हटलं होतं?
बरोबर आहे त्याचं.
मी तोच कागद पुन्हा वाचला,
आणि बारातून दोन
हा हिशेब माझ्या कुठल्याच तक्त्यात बसेना.

एंडेलला लिहिलं: अकरा ओळी का होत्या, आत्ता कळलं.
चार दिवसांनी, कधी नव्हे ते, उत्तर:
"बोटीचं मला काय माहीत!
सारख्यांना उगाच हलवणं
मला बरं दिसेना, एवढंच."

ओळी परत आणल्या. एकतीसचे एकोणीस झाले.
टानेलनं चेहरा पाडून, पण नीट, सगळं जुळवून घेतलं;
चाचणीही त्यानंच लिहिली, बारा नोंदींची,
बाराही एकाच लांबीच्या.
चाचणीचं नाव: मधपेट्या.
दस्तऐवजात मी एक वाक्य घातलं,
सारख्यांमध्ये आधी आलेला आधी राहील.
आता ते वचन आहे. आता मोडलं तर दोष आमचा.

वाइकेला यातलं काहीच ठाऊक नाही.
तिला तिकिटाचे पैसे परत मिळाले म्हणे.

चादर अजून बाल्कनीतच आहे, तिच्यावर शेजारणीचं मांजर झोपतं.
तारखा मोजणाऱ्या भागात एंडेलचा आणखी एक शेरा सापडलाय:
"इथे एक का वजा केला, विचारू नका."
विचारत नाहीये मी.
अजून तरी.