दुसरी बाजू

हडर्सफील्डच्या चढावर, रेमंड हेगच्या पुढच्या खोलीत
दर गुरुवारी सात वाजता भांडण असतं.
विषय ठरलेला: बावीस मिनिटांचं गाणं
हे गाणं की शिक्षा.

रेमंड म्हणतो, कला.
रेकॉर्ड तो तळव्यांत धरतो, कडेकडेनं,
आंघोळ घातलेलं तान्हं उचलावं तशी.
एव्हर्टन म्हणतो, मला चार सूर दे
आणि माणसाच्या छातीएवढा एक स्पीकर,
अख्खा रस्ता नाचवून दाखवतो.
तुझे येस आणि जेनेसिस
तोवर बुटांच्या नाड्याच बांधत बसतील.

मी मधे. मी भारतातला,
म्हणून विषम मात्रांचा निवाडा माझ्याकडे.
"तुमच्या तर रक्तातच सात मात्रा," रेमंड म्हणतो.
काय सांगू त्याला.
गाण्याच्या मास्तरांनी मला तिसऱ्याच दिवशी
पेटीसमोरून उठवलं होतं,
म्हणाले होते, बाळ, तू ऐकत जा.
रक्तात असलेच तर माग आहेत,
इचलकरंजीचे, अठ्ठेचाळीस, तीन पाळ्यांत,
खटक-फटक, खटक-फटक,
आणि एक खटका जरी कमी पडला
तरी जॉबर पाना घेऊन धावायचा.

हे मी एकदा बोलून गेलो.
किंग क्रिमसन लागलं होतं, ड्रम मुद्दाम अडखळत होता,
मी म्हटलं, आमच्याकडे याला बिघाड म्हणतात.
एव्हर्टन हसता हसता सोफ्यावरून घसरला.
रेमंड दोन गुरुवार माझ्याशी बोलला नाही.
तिसऱ्या गुरुवारी दार उघडत म्हणाला,
बिघाड हा शब्द विचार करण्याजोगा आहे.

खरं मत होतं ग्लेंडाचं.
ती वादात नसायची, स्वयंपाकघरात असायची.
एकट्या ड्रमचं लांबलचक वाजणं सुरू झालं
की तिथून ओरडायची,
"झाली का त्याची भांडी घासून?"
आणि तेवढ्या वेळात स्वतःची घासून मोकळी व्हायची.
मेलोट्रॉन म्हणजे तिच्या मते
सर्दी झालेलं चर्च.
चाळीस वर्षं तिनं हे संगीत
भिंतीपलीकडून नापसंत केलं,
एक सूर न चुकवता.
कारण बाजू संपून सुई
आतल्या रिकाम्या खाचेत खरखरू लागली,
की आम्ही तिघं ऐन मुद्द्यावर,
हात वर, आवाज वर,
आणि ती ओले हात पुसत यायची,
रेकॉर्ड उलटवून जायची.
माझी तर समजूत होती
की ती आपोआप उलटते.

फेब्रुवारीत ग्लेंडा गेली.
एप्रिलमध्ये रेमंडचा फोन आला: गुरुवारी या,
जेथ्रो टलबद्दल माझं म्हणणं अर्धं राहिलंय.

गेलो. एव्हर्टननं आल्याचा केक आणला होता,
बायकोनं कापूनच दिला होता, म्हणजे प्रश्न नको.
वाद बरा चालला. बासरी हवी की नको.
एव्हर्टन म्हणाला, एवढं सगळं सांगायचं असेल
तर माणसानं पत्र लिहावं.
रेमंड म्हणाला, सांगायचं नाहीच मुळी. जायचं असतं.
कुठं?
तेवढ्यात बाजू संपली.

खर्र. खर्र.
एव्हर्टननं माझ्याकडे पाहिलं, मी केककडे.
आत फ्रिज गुरगुरला आणि गप्प झाला.
फेऱ्यागणिक एक खरखर, बरोबर जागेवर,
कुठलाही जॉबर खूश झाला असता.
किती वेळ, ठाऊक नाही.
रेमंड म्हणाला, हाही भाग मोठाच आहे.

मग एव्हर्टन उठला,
चार सुरांचा माणूस,
पँटला हात पुसले, कोरडेच होते,
आणि रेकॉर्ड उलटी केली,
कडेकडेनं.
हं, म्हणाला,
आता बासरीचं बोल.