पाहणी

शुक्रवारी पाळी संपली की मी थिएटरं बघत हिंडतो.
सिनेमे नाही, थिएटरं.
हातांना अजून त्या दोराचा वास
जो काराकॉयच्या धक्क्यावर दिवसातून बावीस वेळा फेकतो.

दुसरा आणि चौथा शनिवार माझा,
न्यायाधीशबाईंनी तसं लिहून दिलंय,
सकाळी दहा ते संध्याकाळी सात.
नऊ तास म्हणजे किती, हे
ज्याला पोरं रोज मिळतात त्याला नाही कळायचं.

तोप्राक सहा वर्षांचा. मोठा आवाज सोसत नाही,
आधी कानांवर हात, मग डोकं गुडघ्यांत.
देफ्ने बारा. तिला लहान मुलांचं काही चालत नाही,
भाऊ लहान आहे हेही.

पहिलं थिएटर शिशलीच्या मॉलमध्ये, सहाव्या मजल्यावर.
खुर्च्या अशा, की बसलेल्याला उठावंसं वाटू नये.
पण तिथवर पोचायला खेळण्यांची चार दुकानं ओलांडायची
आणि माझा पगार पंधरा तारखेला.

दुसरं बेयोग्लूच्या गल्लीत. छतावर सोनेरी वेली,
शौचालय तळघरात. अठ्ठावीस पायऱ्या, मोजल्या मी.
देफ्ने आता बायकांच्या बाजूला एकटी जाते,
तोप्राक माझ्याबरोबर.
मग वर कोट आणि पिशव्यांपाशी कोण?
एवढंसं गणित, तीन माणसांत सुटत नाही.

तिसरं कादिकॉयला, मासळीबाजाराच्या मागे.
दारात मेलिहा हानम, गळ्यात टॉर्च.
तिकीट एकच?
आज एकच, उद्या तीन.
मग मी विचारतच सुटलो: आवाज कमी होतो का,
मधेच बाहेर पडलो तर परत आत सोडता का,
कडेच्या खुर्च्यांचे नंबर काय,
मध्यंतर किती मिनिटांचं.
ती म्हणाली, सकाळच्या खेळाला हे दार मी वीतभर उघडं ठेवते.
उजेड येतो म्हणून कुरकुरणारी माणसं दुपारी येतात.

बसलो मग एकटाच त्या अस्वलांच्या सिनेमाला.
मागच्या रांगेत शाळा बुडवलेली दोन पोरं,
मला बघून तीच ओशाळली.
तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं, अंधारात, वेडंवाकडं:
बाविसावं मिनिट, बर्फ फुटतो.
एकेचाळिसावं, आई हरवते.
सत्तरावं, वीज.

शनिवारी कडेच्या तीन खुर्च्या.
दार वीतभर उघडं, त्यातून मासळीचा वास
आणि तोप्राकच्या बुटावर उजेडाची पट्टी.
एकविसाव्या मिनिटाला मी हात उचलले,
त्याच्या कानांवर धरले. बर्फ फुटला.
तो हसला, तोंड उघडं टाकून.
बिनआवाजाचा बर्फ त्याला फार आवडला.

विजेच्या जरा आधी
देफ्ने पडदा सोडून माझ्याकडे बघत होती.
बाबा, तू हा आधी बघितलायस.
गप, पुढे बघ, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही. हात लांबवून
भावाचा एक कान तिनं स्वतःकडे घेतला.
माझा एक हात मोकळा झाला,
त्याचं काय करायचं ते सुचेना.
शेवटी पॉपकॉर्नच्या रिकाम्या पुड्यात घालून बसलो.

परतीच्या बोटीवर मी प्रवासी, दोर दुसऱ्याच्या हातात.
तो नीट फेकत नव्हता, पण ते जाऊ दे.
तोप्राक मांडीवर झोपलेला.
देफ्नेनं कालचं तिकीट मागितलं,
दिव्याखाली धरून वाचलं, दोनदा.
आई शेवटी सापडते, ती म्हणाली,
ते लिहिलं नाहीस.

तिथं आवाज नव्हता, मी म्हटलं.