उमदीच्या बॅटऱ्या

डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी
सांगलीत, विश्रामबागच्या ऑफिसात
मुळीकसाहेबांनी नकाशावर उमदीची टाचणी उपटली
आणि तासगावात खोवली.
द्राक्षं उतरायला लागली की व्यापारी येतात,
दर, फोटो, गाड्यांचे नंबर;
नेट अडकलं की गिऱ्हाईक गेलं.
हिशेब चोख होता.

मी आणि शब्बीरनं टॉवरखालून
चोवीस बॅटऱ्या काढल्या.
जतपर्यंतचा रस्ता असा
की शब्बीर टेंपोत मागं बसून
त्यांना धरून आला,
झोपलेली लेकरं धरावीत तसा.

मार्चअखेर तासगाव टार्गेटच्या वर.
साहेबांना ढाल, आम्हाला श्रीखंड-पुरी.
भाषणात ते म्हणाले,
नियोजन म्हणजे थोडकं असलेलं
नेमक्या जागी ठेवणं.
खरंच आहे.
मीही टाळ्या वाजवल्या.

एप्रिलात उमदीला गेलो.
लाइट गेली की टॉवर मुका,
आणि लाइट तर रोजच जाते.
रिचार्जवाल्या कस्तुरा बिराजदारनं
आमचा बोर्ड उतरवून
खुराड्यावर टाकला होता.
कोंबड्यांना तेवढीच सावली.
"दोनशे अकरा नंबर पोर्ट करून दिले," ती म्हणाली.
"चहा घेणार न्हवं?"

रिपोर्टात रकाना होता : ग्राहक घटण्याचं कारण.
पर्याय तीन. स्पर्धा, हंगाम, इतर.
शब्बीर माझ्याकडं बघत राहिला.
मी 'इतर' दाबलं.

गोल फिरत राहिलं, जाईना.
कस्तुरानं कपबशा विसळता विसळता
ओल्या हातानंच फोन पुढं केला,
"घ्या, माझ्या नेटवरनं पाठवा."