कुशीवर

आधी प्लगची वायर काढायची.
हे दसरू कुमऱ्यांनी मला तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा आपला डावा पंजा समोर धरून.
त्यात चार बोटं.
पुढं काही बोलले नाहीत,
उरलेल्या बोटांनी तंबाखू मळत बसले.

मग मशीन कुशीवर घ्यायची,
एअर फिल्टर आभाळाकडे ठेवून.
दुसऱ्या कुशीवर घेतली तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं
आणि दोरी ओढताच पांढरा धूर
थेट साहेबांच्या व्हरांड्यात.
आधीच्या चौकीदाराची बदली
त्या धुरातूनच झाली म्हणतात.

तलावाच्या पाळीवर आमचा डाकबंगला.
कोणी यायचं असलं की लॉन कापायचा.
फोन रात्री येतो, कापायचं पहाटे,
आणि पहाटे गवतावर दहिवर.
ओलं गवत कापलं जात नाही, चावलं जातं.
मशीन ते गिळत नाही, थुंकत नाही,
गालात धरून ठेवते.

"ओला गवत नोको कापू, बाई," काका म्हणत.
"साहेबाले सांग, सूर्य आपल्या खात्यात नाइ."
मी कधी सांगितलं नाही.
रोजंदारीचं अकरावं वर्ष माझं.
हजेरीपटावर नाव पेन्सिलीनं लिहितात.

आज मशीन लॉनच्या मध्यात घुटमळली
आणि थांबली.
वायर काढली. कुशीवर घेतली.
पोटाखाली थर, चार बोटं जाड.
वरचा हिरवा, शेणासारखा मऊ.
मधला तपकिरी.
खालचा काळा, तणसीच्या ढिगाच्या तळासारखा,
हात लावला तर ऊबदार.

खुरपी लावायची नाही, रंग निघतो,
आणि रंग गेला त्या जागी गंज येऊन बसतो.
बांबूची कामटी घेतली.
खरवडत गेले तशा तारखा निघत गेल्या.
झेंडूच्या पाकळ्या, कोणाच्या तरी सत्काराच्या.
बिस्किटाच्या पुड्याचा लाल तुकडा.
लहान चपलेचा पट्टा,
कोणतं पोर एका पायानं अनवाणी गेलं असेल
गाडीपर्यंत?
एक बेडूक, कागदासारखा.
त्याला वेगळा काढून जास्वंदीखाली ठेवला.

काकांचं बोट इथं असणार नव्हतं.
ती मशीन वेगळी होती, वर्ष वेगळं होतं.
तरी मी बघितलं.

काका भादव्यात निवृत्त झाले.
शाल मिळाली, नारळ मिळाला.
दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर हजर,
"वायर काहाडलीस का?"
येताना औषधाच्या बाटलीत जवसाचं तेल आणलेलं.
पत्रा घासून कोरडा करायचा,
चिंधीनं पातळ हात फिरवायचा,
दिवसभर उन्हात ठेवायचं, मग दुसरा हात.
जवस वाळतो, साय धरतो.
सायीवरून गवत घसरतं,
निदान दोन-तीन खेपा.
"मंग?" मी विचारलं होतं.
"मंग काय, पुन्हा."

बाटलीत आता बोटभर तेल आहे.
पहिला हात झाला. पत्रा तांबूस चमकतोय.
खरवडलेल्या ढिगात साळुंक्या उतरल्यात,
आतून किडे उचलतायत.
फोन वाजतो.
उद्या सकाळी. आठच्या आत लॉन व्हायला पाहिजे.

तेलकट हातानं फोन घसरतो, सावरते.
गवत दहापर्यंत ओलं असतं, साहेब, मी म्हणते.
आणि तेल अजून वाळलेलं नाही.

तिकडून काही येत नाही.
फक्त पंख्याचा आवाज,
टेबलावरचा एखादा कागद फडफडल्याचा.
मी फोन ठेवत नाही.
मशीन कुशीवर पडून आहे,
पोट उन्हाकडे.