बियाण्याला एक

मार्चच्या पहिल्या कोरड्या शनिवारी
माझ्या नवऱ्याची आई, ओब्दुलिया,
मासळीच्या उलट्या खोक्यावर बसली, वाफ्याच्या कडेला,
आणि काठीनेच म्हणाली : तिकडून धर.

आरौसाच्या खाडीवरून वारा येत होता.
सलगमाचे शेंडे आम्ही डिसेंबरपासून खुडतोय,
डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर, बटाट्याच्या रश्शात,
आता त्यांत कडूपणा उतरलाय, कळ्या फुटल्यात.
ओब्दुलिया म्हणते, पिवळं दिसलं की पंगत उठली.

कोबीचे बुंधे उपटले, कमरेइतके उंच,
खालून पानं ओरबाडत नेलेले.
एकाच्या मुळाशी तिचा चाकू निघाला,
सप्टेंबरात हरवलेला, ज्याच्यापायी
शेजारच्या एलादिओशी तिने बोलणं टाकलं होतं.
मी तो एप्रनला पुसला.
ती म्हणाली, त्याला सांगायची काही गरज नाही.

तेवढ्यात तोच आला, ट्रॅक्टर घेऊन.
ट्रॉलीत रात्रीच्या वादळाने काठावर फेकलेलं समुद्रशेवाळ,
ओलं, खारट, त्यात एक मेलेला खेकडा.
फाटकाशी ओतून गेला, दरवर्षीसारखा.
ओब्दुलियाने आभाळ बघून घेतलं.

बटाटे कापायला बसले.
फोडीला दोन डोळे, मग चुलीची राख.
आठवडाभर मी कारखान्यात सार्डिनची मुंडकी उडवते,
किती ते मोजत नाही.
इथे सुरी जपून चालते,
या फोडींना अजून बघायचंय.

सरी भरत आली. सलगमाची एकच ओळ उरली.
तिच्यातलं एक बियाण्याला राखायचं असतं,
ज्याच्यावर जीभ चळते नेमकं तेच.
आजवर निवड तिचीच.
आज तिने काठी मातीत आडवी टाकली :
तू बघ.

तीनदा ओळ चालले.
एकाची पानं सुपाएवढी.
एकाला अजून कळीच नव्हती, सगळ्यांच्या मागे राहिलेलं.
त्याला लाल सुतळी बांधली.

बराच वेळ ती गप्प.
मी पलीकडचं ठेवलं असतं, म्हणाली,
आणि उठव म्हणून हात पुढे केला.

जाता जाता चाकू मागून घेतला,
लीकचे चार जाड दांडे कापले, धूसुद्धा नाही,
एलादिओच्या फाटकाला अडकवून ये.
कुणी दिले
ते सांगू नकोस.